झेंड्यामागची पावलं

१

धावणाऱ्यांच्या मंडळात त्याला सगळे 'घड्याळ' म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. आठवडाभर तो आपल्या चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत 'आता बरं दिसतंय की आधी?' विचारायचा, आणि रविवारी पाठीला झेंडा बांधून पळायचा. मॅरेथॉनमध्ये पेसर म्हणून काही माणसं असतात, त्यांतला तो एक होता. पेसरच्या झेंड्यावर वेळ लिहिलेली असते. ज्याला तेवढ्या वेळात शर्यत पुरी करायची असेल त्याने डोकं बाजूला ठेवून त्या झेंड्यामागे पळत राहायचं, एवढाच मामला. सुरुवातीला अंगात रग असते तेव्हा हात आखडता घ्यायचा, आणि शेवटी जीव नकोसा होतो तेव्हा पाय ढिले पडू द्यायचे नाहीत. सांगायला सोपं आहे. याला ते इतकं जमायचं की मंडळातले लोक म्हणायचे, याचं लग्नसुद्धा सेकंदाला सेकंद धरून लागलं असणार. तसंच लागलं होतं, असं बायको हसत सांगायची.

त्याची एक पद्धत होती. पळताना तो मागे वळून बघत नसे. मान वळली की खांदा वळतो आणि खांद्याबरोबर चाल मोडते. शिवाय पेसरच मागे बघायला लागला की मागच्यांना वाटतं, काहीतरी बिनसलंय. त्याऐवजी तो अधूनमधून हात वर करून विचारायचा, "आहात ना?" मागून उत्तर यायचं, "आहोत." त्या आवाजावरून कोण ताजं आहे आणि कुणाचं तेल संपत आलंय, हे त्याला बरोबर कळायचं.

या वर्षी त्याच्यामागे त्याचा मेहुणा पळणार होता. बायकोचा हा धाकटा भाऊ, घरचा छोट्या. तिशी कधीच उलटून गेली होती, पण छोट्या तो छोट्याच. फर्निचरच्या शोरूममध्ये नोकरी करायचा आणि आईबरोबर याच इमारतीत, बरोबर यांच्या डोक्यावरच्या घरात राहायचा. मनाने लाख माणूस, पण हातात घेतलेलं एक काम कधी तडीला नेलं असेल तर शपथ. गिटार भिंतीवर लटकत होती, पोहायचा क्लास अर्ध्यात सुटला होता, लग्नही दीड वर्षात मोडलं होतं. घरात कुणाचं काही अर्धवट राहिलं की 'याचा छोट्या झाला' म्हणायची पद्धत पडली होती, आणि त्यावर सगळ्यांत आधी तोच हसायचा. वजनावरून डॉक्टरांनी झापलं म्हणून तो पळायला लागला, आणि सगळ्यांना आश्चर्य वाटेल इतका टिकला. सासूबाईंनी एकदा जावयाला जिन्यातच गाठलं. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "एवढी एक गोष्ट त्याच्या हातून पुरी होऊ दे. तुम्ही त्याच्याबरोबर राहा." याने तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. शब्द द्यायला काय, तेव्हा तो जिन्यात उभा होता, ताजातवाना.

२

सरावाचा रस्ता तलावाच्या कडेकडेने जायचा. शर्यतीआधीच्या एका रविवारी मंडळातलं कुणी आलं नाही, हे दोघंच निघाले. छोट्याचा उजवा पाय थोडा फरफटायचा, दमला की जास्तच, त्यामुळे त्याची पावलं हजारांत ओळखू यायची. एक टप्प, एक खर्र. घड्याळाच्या कानांना या आवाजाची इतकी सवय झाली होती की त्याला त्याची सोबत वाटायची.

लहान पूल ओलांडला आणि थोड्या वेळाने मागचा खर्र बंद झाला. आता नुसतं टप्प, टप्प, अगदी याच्या पावलात पाऊल टाकून. याला बरं वाटलं. इतक्या दिवसांनी पोरगा पाय उचलायला शिकला म्हणायचं. त्याने हात वर केला. "आहेस ना?"

"आहे."

गाडीपाशी पोचल्यावर त्याने पाण्याची बाटली उघडली आणि ती पुढे करत मागे वळला, तर रस्ता रिकामा होता.

बऱ्याच वेळाने छोट्या चालत आला, पोटावर हात दाबून. कळ आली म्हणून तो पुलाच्या कठड्यावर बसला होता. हाका मारल्या, पण भाऊजी थांबले नाहीत म्हणाला. तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं सांगावं तसं.

"अरे, तू उत्तर देत होतास की मला," हा म्हणाला.

"मी कुठून देणार? मला श्वास घ्यायची मारामार होती."

परत येताना गाडी चालवता चालवता याने मनाची समजूत घातली. तलावाच्या भिंतीवरून स्वतःचीच पावलं परत ऐकू आली असतील. आणि उत्तर? त्याच्या दुकानात रोज माणसं तक्त्यावरची न दिसणारी अक्षरं बिनदिक्कत वाचून दाखवतात. खोटं बोलत नाहीत ती; डोकं रिकाम्या जागा आपली आपण भरून टाकतं. कानांचंही तसंच असणार. एक गोष्ट मात्र त्या समजुतीत बसेना, आणि ती त्याने कुणाला सांगितली नाही. त्या 'आहे' म्हणणाऱ्याला धाप लागलेली नव्हती.

३

शर्यतीच्या दिवशी त्याच्या झेंड्यामागे चांगली गर्दी जमली होती. एक शिक्षिका, बँकेतले दोघं मित्र, एक आजोबा, आणि सगळ्यांच्या मागे, पांढरी टोपी घालून, छोट्या. सुरुवातीला सगळे वाट्टेल ते बोलत होते. बँकवाल्यांनी साहेबाच्या नकला केल्या, आजोबांनी आपल्या गुडघ्यांचं कौतुक सांगितलं. घड्याळ मधूनमधून बजावत होतं, बोला, पण पुढे पळू नका, आत्ता जो पुढे पळेल तो नंतर रडेल. अर्ध्या वाटेवर आवाज कमी झाले. शिक्षिकेचा वेग चांगला होता, ती पुढे निघून गेली. एक बँकवाला लंगडू लागला आणि दुसरा त्याच्यासाठी थांबला. आजोबा पाण्याच्या टेबलापाशी बसले ते बसलेच.

गोदामांचा रस्ता लागला तेव्हा झेंड्यामागे एकटा छोट्या उरला होता. टप्प, खर्र. टप्प, खर्र. दोन्ही बाजूंना गोदामांची बंद शटरं, मध्ये उन्हाने तापलेला सरळ रस्ता, बघायला एक माणूस नाही. लांब पळणारे ज्याला भिंत लागणं म्हणतात, ती अशाच ठिकाणी लागते. पोटातलं सगळं जळून संपतं, आणि पाय आपले आहेत की दुसऱ्या कुणाचे, हेच कळेनासं होतं. याचेही पाय जड झाले होते. मनगटाकडे पाहिलं तर तो थोडा मागे पडला होता. फार नाही, पण थोडा. इतक्या शर्यतींत तो कधी मागे पडला नव्हता.

"भाऊजी," मागून आवाज आला. "जरा थांबा. माझा पाय चालत नाहीये."

त्याला ते स्वच्छ ऐकू आलं. पुढे त्याने स्वतःला काहीही सांगितलं असेल, पण ते त्याला ऐकू आलं होतं.

पेसर थांबत नसतो, हा नियम आहे. तो नियम का आहे हेही त्याला माहीत होतं. एकासाठी थांबलं तर बाकीच्यांचा विश्वास जातो. पण बाकीचे होते कुठे? झेंड्यामागे एकच माणूस होता, आणि तो थांबा म्हणत होता. नियम पाळायचा तो कुणासाठी, तर फक्त त्या टोपणनावासाठी.

"चल, जमेल," मान न वळवता तो म्हणाला, आणि पाय तसेच चालू ठेवले.

खर्र मागे राहिला, मग ऐकू येईनासा झाला. पुढे वळण होतं. ते वळण घेताना त्याला वाटलं, अजून वेळ गेलेली नाही, फिरलो तर मोजून शंभर पावलं. आणि तेवढ्यात मागून पावलं आली. टप्प, टप्प, सारखी, हलकी, त्याच्या पावलात पाऊल टाकणारी.

इतकं अंतर कापल्यावर कुणाचीही पावलं अशी पडत नाहीत. खुद्द त्याची पडत नव्हती. हे त्याच्याइतकं चांगलं दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. मान जरा वळवायची होती, बस्स. त्याने हात वर केला.

"आहेस ना?"

"आहे."

आणि त्याला सुटल्यासारखं वाटलं. जोवर मागे बघत नाही तोवर मागे छोट्याच आहे, दिलेला शब्द पाळलेला आहे आणि वेळही गाठता येणार आहे. उरलेलं सगळं अंतर तो त्या आधारावर पळाला, आणि त्या आधाराची त्याला पुढे जितकी लाज वाटली तितकी आयुष्यात कशाचीच वाटली नसेल.

४

तो ठरल्या वेळेला आत आला, झेंड्यावर लिहिली होती अगदी तेव्हा. माइकवरच्या माणसाने त्याचं नाव पुकारलं, आणि त्यापाठोपाठ छोट्याचं.

तेव्हा त्याने मागे पाहिलं. छोट्याच होता तो. तीच पांढरी टोपी, तेच पुढे आलेले कान, हनुवटीवरचा तोच तीळ. कठड्यापलीकडून सासूबाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि तो त्यांच्या मिठीत गेला. बायको रडत होती, हसत होती, भावाच्या पाठीवर धपाटे घालत होती. "भाऊजींमुळे झालं," तो म्हणाला. याच्या स्वतःच्या शर्टावर घाम वाळून मिठाचे पांढरे डाग उठले होते. छोट्याचा शर्ट इस्त्रीतून काढल्यासारखा होता.

आईच्या चपलेचा पट्टा सुटला होता, तो लावायला छोट्या खाली उकिडवा बसला आणि हात न टेकता उठला. आजूबाजूला बसलेल्या, आडव्या पडलेल्या, भिंतीला धरून उभ्या असलेल्या एवढ्या माणसांत कुणाच्याही लक्षात ते आलं नाही. याच्या आलं. घरी पोचल्यावर हा कठडा धरून एकेक पायरी चढत होता, तेव्हा छोट्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर निघून गेला.

५

त्या दिवसापासून घरात आनंदीआनंद झाला. छोट्याने गिटारला नव्या तारा लावल्या आणि एक पूर्ण गाणं वाजवून दाखवलं. आईच्या मोरीतला वर्षभर गळणारा नळ दुरुस्त केला. शोरूममध्ये त्याला बढती मिळाली. घरातला तो जुना विनोद आपोआप बंद पडला, कारण आता त्यात काही अर्थच राहिला नव्हता. बायको म्हणायची, "तू माझ्या भावाचं आयुष्य मार्गी लावलंस." त्यावर हा पानात बघत जेवत राहायचा.

संध्याकाळी जेवताना डोक्यावर पावलं वाजायची. पूर्वीही वाजायची, पण तेव्हा त्यांत फरफट असायची, मध्येच खुर्ची सरकायची, पलंग करकरायचा. आता नुसतं टप्प, टप्प, भिंतीपासून भिंतीपर्यंत. खुर्ची कधी सरकत नव्हती. बायको म्हणाली, व्यायामाची सवय लागलीय त्याला. असेल, असं हा म्हणाला. आपल्यालाच काहीतरी झालंय, थकव्याने डोक्यात भलतंच शिरतं, असंही त्याने स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं निघावं म्हणून तो काहीही द्यायला तयार होता.

मग एका दुपारी त्याने चष्मा बदलायच्या निमित्ताने छोट्याला दुकानात बोलावून घेतलं. आतल्या अंधाऱ्या खोलीत खुर्चीवर बसवलं. पूर्वी वरच्या चार ओळींत अडखळणारा छोट्या तक्ता खालपर्यंत घडाघडा वाचून गेला. याने भिंग घातलं, बदललं, सवयीने विचारलं, आता बरं की आधी?

"दोन्ही सारखंच."

मग याने छोटी बॅटरी डोळ्यावर धरली. उजेड पडला की डोळ्यातली बाहुली आकसते. आंधळ्या माणसाचीसुद्धा बऱ्याचदा आकसते. छोट्याची बाहुली जशी होती तशीच राहिली, मोठी, काळी, शांत. याने दुसऱ्या डोळ्यावर धरली, तिथेही तेच.

"विचारा ना भाऊजी, काय विचारायचंय ते," छोट्या म्हणाला.

एकच प्रश्न होता, तू कोण. पण तो विचारायचा तर तो का विचारतोय हेही सांगावं लागलं असतं. गोदामांचा रस्ता सांगावा लागला असता, 'जरा थांबा' सांगावं लागलं असतं. याने बॅटरी बंद केली आणि नंबर तोच आहे म्हणून सांगितलं. छोट्या उठला, दार उघडून बाहेर गेला. हा बराच वेळ त्या खोलीत रिकाम्या खुर्चीपुढे बसून राहिला. भीती वाटत होतीच, पण भीतीपेक्षा लाजच जास्त वाटत होती.

६

सासूबाई एका सकाळी डबा परत द्यायला खाली आल्या. बायको कामावर गेली होती. त्या बसल्या नाहीत, दारातच उभ्या राहिल्या.

"शेवटपर्यंत त्याच्याबरोबरच होतात ना तुम्ही?"

"हो, आई."

"मध्ये कुठे सुटला नाही?"

"नाही."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं. मग सांगू लागल्या की त्याचं सगळं चांगलं चाललंय, तक्रारीला जागा नाही. पण लहानपणापासून तो जिना चढून आला की आधी खुर्चीत पडायचा आणि आई पाणी दे म्हणायचा. इतक्या वर्षांत त्या पाण्याचा त्यांना कंटाळा आला होता. आता तो पाणी मागतच नाही. "दमतच नाही हो तो," त्या म्हणाल्या, आणि जावयाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. याने नजर चुकवली. सांगायची हीच वेळ होती, समोर सांगायचं तेच माणूस होतं, आणि याने डबा हातात घेऊन, दुकानाला उशीर होतोय असं म्हटलं.

त्या रविवारी त्या पुन्हा आल्या, बाहेर जायचं नेसून, हातात कापडी पिशवी. पिशवीत टॉवेल होता, पाण्याची बाटली होती आणि छोट्याच्या जुन्या चपला.

"गाडी काढा," त्या म्हणाल्या. "जिथं सुटला तिथं मला न्या."

कसं कळलं, केव्हा कळलं, काही बोलल्या नाहीत. यानेही विचारलं नाही. त्याने किल्ली घेतली.

७

सुट्टीमुळे गोदामांच्या रस्त्यावर शुकशुकाट होता. शटरं खाली, ऊन टळटळीत. वळणाच्या अलीकडे याने गाडी हळू केली.

"इथं?" मागच्या सीटवरून सासूबाईंनी विचारलं.

"थोडं पुढे," तो म्हणाला, आणि त्या दोन शब्दांत सगळं कबूल झालं.

तो थांबला. त्या उतरल्या आणि दार उघडं ठेवून रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या, शाळा सुटायची वाट बघत उभं राहावं तशा. तो स्टिअरिंग धरून बसला. उतरायचा त्याला धीर झाला नाही. आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग गोदामांच्या मागच्या बाजूने, लांबून, एक टप्प, एक खर्र. मध्ये खंड पडायचा, इतका मोठा की वाटावं संपलं, आणि मग पुन्हा खर्र. कितीतरी दिवस कुणीतरी तसंच चालत होतं.

त्याने पुढच्या काचेबाहेर एका शटरवरच्या कुलपाकडे डोळे लावले. आवाज गाडीजवळ आला. सासूबाई हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. मागची सीट दबली, मग पुन्हा दबली. दार लागलं. घामाचा शिळा, आंबट वास गाडीत पसरला, आणि तुटत तुटत घेतलेला श्वास ऐकू येऊ लागला. त्याच्या सीटच्या पाठीवर, खांद्याच्या अगदी शेजारी, एक हात टेकला. तेवढाच त्याला दिसला. वाळलेल्या मिठाने पांढरा पडलेला, नखं काळवंडलेली, बोटं थरथरणारी.

"मला ऐकू आलं होतं," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच ओळखू आला नाही. "तू थांबा म्हणालास ते मला ऐकू आलं होतं."

"त्याला ठाऊक आहे ते," सासूबाई म्हणाल्या. बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज झाला, मग घटाघटा पाणी प्यायल्याचा. "हे मला सांगायला हवं होतं तुम्ही. बरं, चला आता. घरी जो बसलाय, त्याला उठायला तुम्ही सांगायचं. मी सांगणार नाही."

सांगतो, असं तो म्हणाला. यावेळी शब्द देताना तो जिन्यात उभा नव्हता. त्याने गाडी वळवली. वळण ओलांडत असताना फोन वाजला. बायकोचा नंबर होता. त्याने बटण दाबलं आणि छोट्याचा आवाज गाडीभर आला, स्वच्छ, संथ.

"भाऊजी, ताई आत काम करतेय, म्हणून मीच लावला. आई तुमच्याबरोबर आहे ना?"

"हो."

"आणि?"

खांद्याशेजारच्या हाताची बोटं सीटमध्ये रुतली. मागचा श्वास एकदम बंद झाला. पलीकडे पावलं वाजत होती, टप्प, टप्प, या वेळी वरच्या मजल्यावर नाही, याच्याच घरात, याच्याच फरशीवर.

"बरं, सावकाश या," तो आवाज म्हणाला. त्यात राग नव्हता. "मी थांबतो. मला थांब म्हणून सांगावं लागत नाही."